शेपटीकडे गेलेला ओघळ

१

विमान थांबलं, पण पंखे अजून गरगरत होते. मेकॅनिक कॉकपिटची शिडी उतरून मालाच्या बाजूला आला आणि शेवटच्या पायरीवरच थिजला.

मालवाहू विमान तुम्ही आतून पाहिलं नसेल, तर एक लांबलचक बोगदा डोळ्यांपुढे आणा. खुर्च्या नाहीत, पडदे नाहीत. जमिनीवर रूळ आणि त्यांच्या मध्ये फिरते रोलर, म्हणजे हत्तीएवढी पेटीही दोन माणसांना ढकलता यावी. पुढच्या टोकाला, कोपऱ्यातल्या कोनाड्यात, कॉकपिटकडे जाणारी शिडी आणि मागच्या टोकाला, शेपटीखाली, मोठ्या जबड्यासारखा उघडणारा रॅम्प. मधल्या जागेला सगळे विमानाचं पोट म्हणतात.

त्या पोटात आज एकच पेटी होती. लाकडी, छताला टेकेल एवढी उंच, वर लाल अक्षरांत ‘औषधे’ असं लिहिलेली. उड्डाणाच्या वेळी ती मधोमध होती आणि तिच्यापुढे एक माणूस पाय पसरून बसेल एवढी जागा होती. आता पेटी पुढच्या भिंतीला भिडली होती. भिंतीचा पत्रा आत चेपला होता. आणि पेटी नि पत्रा यांच्यामध्ये तराजू होता.

तराजू म्हणजे लोडमास्टर. विमानात माल कुठे ठेवायचा, कसा जखडायचा, हे ठरवणारा माणूस. पेटीला नुसता तळहात लावून तो तिचं वजन सांगायचा, म्हणून हे नाव. आता त्याचा एक हात तेवढा ओळखू येत होता. छातीचा पिंजरा पेटीने सपाट केला होता, आणि डोक्याकडे मेकॅनिकने एकदाच पाहिलं. मग त्याने त्या हाताला धरून ओढायचा प्रयत्न केला. कोपरापर्यंत रक्ताने माखला आणि खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला.

बाहेर धावपट्टीपलीकडे तोफगोळा फुटला. विमानाचा पत्रा थरथरला.

आघाडीजवळचा हा हवाई तळ. पलीकडच्या शाळेत लष्करी दवाखाना होता आणि तिथे माणसांचे पाय भूल न देता कापले जात होते, कारण भुलीचं औषध या पेटीत होतं. त्यामुळे तळप्रमुखांना चौकशीला वेळ नव्हता. त्यांनी गुन्हेगार आधीच पकडून ठेवला होता. तो तराजूच्या हाताखालचा माणूस होता आणि त्याचा जावईही होता.

उड्डाणापूर्वी रुळांची कुलुपं लागलीत की नाही ते बघणं हे जावयाचं काम. कुलुपांचा दांडा उघडा सापडला होता. आणि सकाळी मेसमध्ये सासरे-जावयाचं कडाक्याचं भांडण झालं होतं. जावई सगळ्यांदेखत ओरडला होता, “फार झालं, मामा. एक दिवस ही पेटीच तुमच्या अंगावर घालीन.”

आणि पेटी अंगावर आली होती.

२

अपघातांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी नव्या पोरांना विमानाचं शास्त्र शिकवण्यात घालवली होती. लढाई सुरू झाल्यावर शिकवणं बंद पडलं आणि विमानांतून प्रेतं मोजणं सुरू झालं. बाईंना ते आवडत नसे, पण दुसऱ्या कुणी केलेलं त्याहून आवडत नसे.

“दुपारी कैद्यांचा ट्रक निघतो,” तळप्रमुख म्हणाले. “पोरगा त्यात जाणार. लढाईच्या काळात वरिष्ठाचा खून म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. भिंतीपुढे उभं करतील.”

“त्याची बायको?”

“तराजूचीच मुलगी. दिवस गेलेत म्हणे.”

“म्हणजे बाप गेला आणि नवराही जाणार,” बाई म्हणाल्या. “कैद्यांचा ट्रक निघेपर्यंत पेटी कुणी हलवायची नाही.”

“बाई, तिकडे माणसं मरतायत. भांडारवाला ट्रक घेऊन दारात उभा आहे.”

“उभा राहू दे. उभं राहिल्याने कुणी मरत नाही.”

विमानात शिरल्यावर बाईंनी आधी कुलुपं पाहिली. रुळांच्या एका बाजूची कुलुपं पुढच्या टोकाच्या दांड्याने एकदम उघडतात, आकाशातून माल टाकायचा असला की सोय म्हणून. दुसऱ्या बाजूला स्प्रिंगची कुलुपं. ती साध्या हेलकाव्याला दाद देत नाहीत, पण जोरदार हिसका बसला की सोडून देतात. दांडा खरंच उघडा होता. पेटीच्या दोन्ही अंगांना भिंतीपर्यंत हात जाईल एवढीच फट होती. मांजरसुद्धा अडकलं असतं.

मग त्यांनी पेटीकडे पाहिलं. पुढची फळी उभी चिरली होती. त्यांनी फटीत बोट घातलं, वास घेतला, खालची जमीन चाचपली. कोरडी.

शेवटी रक्त. पुढच्या भिंतीपाशी ते होतं, पण एवढ्या चेंगरलेल्या देहाच्या मानाने थोडंच. बाईंनी पोटावर झोपून टॉर्च पेटीखाली धरला. रुळाच्या खोबणीतून एक काळपट ओघळ निघाला होता आणि पेटीखालून सरळ शेपटीच्या दिशेने गेला होता. कडा वाळून खडबडीत झाल्या होत्या.

बाई उठल्या, खिशातली पाण्याची बाटली काढली आणि दुसऱ्या, स्वच्छ खोबणीत थोडं पाणी ओतलं.

पाणी क्षणभर थांबलं आणि मग हळूहळू पुढे, विमानाच्या नाकाकडे निघालं.

“काय करताय?” शिडीवरून कॅप्टनने विचारलं. उंच, देखणा माणूस. एका विमानाला आग लागली असताना त्याने ते उतरवलं होतं, तेव्हापासून तळावर त्याचा शब्द खाली पडत नसे.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “तहान लागली होती, सांडलं.”

३

कॉकपिटच्या मागे एक अरुंद खोली होती. तिथे बाईंनी एकेकाला बोलावलं आणि प्रत्येकाला जवळपास एकच गोष्ट विचारली: तुम्ही जागेवरून कधी उठलात आणि तेव्हा चालताना तोल कसा होता?

मेकॅनिकच्या बाह्या अजून लाल होत्या. तराजूशी त्याची मागे मारामारी झालेली सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे तो आधीच चिडलेला होता.

“हो, त्याने माझा दात पाडला होता. मी त्याचं नाक फोडलं होतं. मग आम्ही मिळून पत्ते खेळलो. अजून काही?”

“आज खाली कधी गेलात?”

“डोंगर यायच्या आधी. विमान अगदी सपाट चाललं होतं, हातातला चहा हिंदकळला नाही. त्याला एक कप दिला. म्हणाला, ‘यात चहाची पूड घातलीस की इंजिनचं तेल?’ मेला शेवटपर्यंत तसाच.” मेकॅनिकने नाक पुसलं. “पुढे डोंगर आले, मग मी काट्यांवरची नजर काढली नाही. विचारा कुणालाही.”

विमानातून दवाखान्यात निघालेला डॉक्टर कॉकपिटमधल्या मागच्या बाकावर झोपला होता. त्याचे डोळे लाल होते आणि तो सारखा घड्याळाकडे बघत होता.

“बाई, मी हात जोडतो, पेटी सोडा. काल एका मुलाच्या तोंडात पट्टा कोंबून मी त्याचा पाय कापला. तो पट्टा चावून तुटला.”

“तुमचं एक उत्तर हवंय, मग बघते. तुम्ही खाली गेला होतात?”

“उतरायला लागलो तेव्हा. बॅग खाली राहिली होती. जमीन पुढे कललेली, मी शिडीवरून जवळजवळ घसरलोच.”

“तराजू?”

“झोपला होता. भिंतीला टेकून, नाकापर्यंत घोंगडी ओढून. म्हटलं, म्हातारा दमलाय. उठवलं नाही.”

“आणि मग तुम्हीच प्रेत पाहिलंत. किती वेळापूर्वीचा मृत्यू वाटला?”

“चेंगरलेला माणूस पाहिला, अपघात नुकताच झालेला. मी नाडीसुद्धा बघितली नाही. तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.”

सहवैमानिक म्हणजे एक तरुण मुलगी.

“मी उठलेच नाही, बाई. डोंगरावर विमान मीच चढवत होते. तराजूकाकांनी हेडफोनवर कॅप्टनसाहेबांना हाक मारली. म्हणाले, पेटीत काहीतरी घसरतंय, जरा येऊन हात लावून बघा. साहेब गेले. चढ होता, शिडीचे दांडे धरत गेले. बऱ्याच वेळाने, आम्ही सपाट झाल्यावर आले. म्हणाले, ‘बाटल्या वाजतायत, म्हाताऱ्याला भुतं दिसतात.’”

“नंतर काकांचा आवाज ऐकलास?”

“हो ना. उतरायच्या अगदी आधी, ‘माल पक्का’ म्हणाले. टेपवरही आहे. टेप शेवटचं तेवढंच ठेवतो, आधीचं पुसून जातं.”

“बोलताना कॉकपिटमध्ये कुणाचे ओठ दिसतात?”

“उतरताना सगळ्यांना मास्क असतात, बाई. धुराच्या भीतीने.” तिने रुमाल ओठांना लावला. “साहेबांनी आज ब्रेक मात्र फार जोरात दाबले. माझी जीभ चावली गेली.”

कॅप्टन आला तो खुर्चीवर उलटा बसला, हात तिच्या पाठीवर टेकून.

“मी एकदाच उठलो, बाई. डोंगर ओलांडल्यावर, सपाटीत. पाय मोकळे करायला. तराजूशी दोन शब्द बोललो. पोरगा निष्काळजी आहे म्हणत होता बिचारा. आता पेटी उतरवू या? दवाखाना थांबलाय.”

बाईंनी मान डोलावली. विद्यार्थ्याने पाटीवर चुकीचा आकडा लिहिला की त्या अशीच मान डोलावत.

४

जावई भांडारामागच्या खोलीत होता. हातात बेड्या, ओठ फुटलेला. पकडताना शिपायांनी हात साफ करून घेतले होते.

“सकाळी भांडण कशावरून?”

“मामांनी मला न विचारता माझी बदली जमिनीवरच्या कामाला मागितली. मूल व्हायचंय म्हणून. मला वाटलं, लोक म्हणतील सासऱ्याने वशिला लावला.” तो जमिनीकडे बघत होता. “मी वाटेल ते बोललो. ते काहीच बोलले नाहीत. चिडले की ते गप्पच बसतात.”

“विमानात बोलले?”

“उड्डाणानंतर बोलले. माल बघून झाला की ते आधी हेडफोनवर मला विचारतात, ‘मागे?’ मी म्हणतो, ‘आहे.’ मग ते कॉकपिटला सांगतात, माल पक्का. मी मागच्या टोकाला बसतो, मध्ये पेटी, एकमेक दिसत नाहीत. त्यांचा नियमच होता, मागच्याने ओ दिल्याशिवाय पुढच्याने पक्का म्हणायचं नाही. म्हणायचे, मागे माणूस आहे की भूत, ते नको का कळायला?”

“आणि उतरताना?”

त्याचे डोळे भरून आले. “उतरताना विचारलंच नाही. थेट ‘माल पक्का’ म्हणाले. मी ओ द्यायला तोंड उघडलं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं नाही. म्हटलं, अजून राग गेला नाही. ठीक आहे, घरी गेल्यावर पाया पडेन.”

बाई उठल्या. खिडकीतून त्यांना दिसलं, विमानाचा रॅम्प खाली येत होता. भांडारवाल्याचा ट्रक उलटा लावला जात होता, आणि कॅप्टन हातवारे करून त्याला घाई करत होता.

“याच्या बेड्या काढा,” बाई पहारेकऱ्याला म्हणाल्या, “आणि तळप्रमुखांना विमानात बोलवा. पळत.”

५

“बाई, आता पुरे,” तळप्रमुख धापा टाकत म्हणाले. पेटीमागे, रॅम्पच्या बाजूला, सगळे जमले होते, भांडारवालासुद्धा.

“थोडं शिकवते, मग सोडते. जुनी खोड आहे.” बाईंनी पुन्हा बाटली काढली आणि खोबणीत पाणी ओतलं. “कुठे गेलं?”

“पुढे,” मेकॅनिक म्हणाला. “इथे उभं विमान नाकाकडे थोडं झुकतं.”

“आणि उतरताना?”

“तेव्हाही नाक खाली.”

“मग तराजू उतरताना मेला असेल, तर त्याचं रक्त पुढे जायला हवं. वाका आणि बघा. ते शेपटीकडे गेलंय, पेटीखालून, लांबपर्यंत. टेकताना नाक क्षणभर वर होतं, पण तेवढ्यात रक्त इतकं दूर जात नाही. आणि त्याच्या कडा वाळल्यात. म्हणजे हा माणूस पडला तेव्हा विमान बराच वेळ चढत होतं.”

लांब कुठेतरी गोळा फुटला.

“पेटी त्याच्यावर आली तेव्हा तो कधीच मेला होता. म्हणून तर रक्त इतकं थोडं. डॉक्टर, तुम्ही पाहिलात तो झोपलेला माणूस नव्हता. विमान उतरत असताना लोडमास्टर कधी झोपतो का?”

डॉक्टरने डोळे मिटून घेतले.

“जावयाने आधीच दांडा उघडा सोडला असता,” बाई पुढे म्हणाल्या, “तर उड्डाणाच्या हिसक्यालाच स्प्रिंगची कुलुपं सुटली असती. बस एकदम निघाली की आपण कुठे पडतो? मागे. पेटी मागे गेली असती, आणि मागे हाच बसला होता. स्वतःला मारण्याची ही फार लांबची वाट झाली. आणि मागून पुढे यायला मांजरालाही जागा नाही. तेव्हा मारणारा पुढून आला. मेकॅनिकने त्याला चढाच्या आधी चहा दिला, तेव्हा तो थट्टा करत होता. डॉक्टरांनी चढानंतर पाहिलं, तेव्हा तो घोंगडीखाली होता. मधल्या वेळात खाली कोण गेलं होतं?”

सहवैमानिकने कॅप्टनकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकली.

“मी सपाटीत गेलो,” कॅप्टन शांतपणे म्हणाला.

“तुम्ही शिडीचे दांडे धरत गेलात, चढावर. सपाटीत आलात ते परत. तोवर त्याच्या डोक्यात माल जखडायची साखळी घालून झाली होती, घोंगडी पांघरून झाली होती, दांडाही ओढून झाला होता. पुढचं काम ब्रेकवर सोपवलंत. फक्त मेलेल्या माणसाचा आवाज हवा होता. मास्कमागून तुम्हीच म्हणालात, माल पक्का. पण तराजू आधी ‘मागे?’ असं विचारायचा, हे तुमच्या ध्यानात राहिलं नाही. इतकी वर्षं तुम्ही फक्त शेवटचे दोन शब्द ऐकत आलात.”

“आणि मी माझ्या लोडमास्टरला का मारीन?” कॅप्टन हसला.

“पेटीत काय घसरत होतं ते बघू या. तुम्ही म्हणालात बाटल्या. पत्रा चेपेल एवढ्या जोराने पेटी आदळली, फळी चिरली, आणि एक थेंब गळला नाही. कसल्या बाटल्या त्या?”

जावयाने पहार घेतली आणि पेटीच्या मागच्या फळीत घुसवली. लाकूड कडाडलं. वरून पट्ट्यांची, मलमांची खोकी पडली आणि त्यांच्यामागून, धडाधड, विटा.

डॉक्टर गुडघ्यांवर बसला. त्याने एक वीट उचलली, उलटीपालटी करून पाहिली. “दर वेळी भांडारातून सांगायचे,” तो पुटपुटला, “एवढंच आलंय, एवढंच आलंय.”

“बाकीचं कॅप्टन आणि भांडारवाला बाहेर विकत होते,” बाई म्हणाल्या, “आणि तराजूने पेटीला हात लावला होता.”

भांडारवाला रॅम्पकडे पळाला. मेकॅनिकने त्याच्या पायात पाय घातला, तो तोंडावर आपटला. त्याच क्षणी कॅप्टनच्या हातात पिस्तूल आलं. पहिली गोळी मेकॅनिकच्या मांडीतून गेली. पोकळ पत्र्यात तो आवाज इतका प्रचंड घुमला की बाईंना आपलाच श्वास ऐकू येईना. पिस्तूल त्यांच्याकडे वळलं.

ते झाडलं गेलं नाही. डॉक्टरने हातातली वीट कॅप्टनच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचं सगळ्यांना कळलं. पिस्तूल रोलरवरून घरंगळत गेलं. डॉक्टरने पुन्हा हाणली, तोंडावर. मग पुन्हा. तो एका लयीत हाणत होता आणि प्रत्येक घावाबरोबर एकेका रुग्णाची खाट सांगत होता: दारापाशी, खिडकीखाली, फळ्याजवळ. तळप्रमुख आणि दोन शिपायांनी त्याला ओढून काढलं तेव्हा कॅप्टनचा देखणा चेहरा उरला नव्हता, पण छाती हलत होती.

जावई साखळी हातात घेऊन उभा होता. तिचं वजनदार टोक कॅप्टनच्या डोक्यावर झुलत होतं. त्याला कुणी अडवलं नाही. अडवायला कुणी मोकळंच नव्हतं.

“अरे,” बाई म्हणाल्या, “तुला एक सांगायचं राहिलं. ते तुझ्यावर रागावले नव्हते.”

साखळी झुलायची थांबली.

“उतरताना तुला विचारलं नाही, कारण विचारायला ते उरलेच नव्हते. राग असता, तर उड्डाणानंतर तरी का विचारलं असतं?”

तो खाली वाकला. मग साखळी रुळावर ठेवली, हळूच, कुणी झोपलेलं असावं तशी.

डॉक्टरने हात धुतले आणि मेकॅनिकची मांडी बांधायला बसला. काही वेळाने, कुणी न सांगता, तो कॅप्टनकडेही वळला.

६

दुसऱ्या दिवशी तेच विमान परत निघालं. पोटात एक लांबट पेटी होती, झेंड्यात गुंडाळलेली, मागच्या टोकाला, रॅम्पजवळ. विमान सहवैमानिक मुलगी चालवणार होती. तिच्या शेजारी दुसऱ्या तळावरून आलेला वैमानिक होता.

पुढच्या जागेवर जावई बसला. काल सासरा बसला होता ती जागा. भिंतीचा चेपलेला पत्रा त्याच्या पाठीला टोचत होता. तळावर दुसरा लोडमास्टर नव्हता, आणि त्याने स्वतःच मागितलं होतं. घरी फोन झाला होता. बायको फक्त एवढंच म्हणाली होती, “तू आण त्यांना. दुसऱ्या कुणी नको.”

विमान धावलं, उचललं गेलं, चढायला लागलं. तो उठला. पेटीचा एकेक पट्टा ओढून पाहिला. कुलुपांचा दांडा पाहिला, दोनदा. पेटीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभा राहिला, मग जागेवर आला.

हेडफोनमध्ये मुलीचा आवाज आला. “माल?”

पक्का म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मागे ओ देणारा मदतनीस आज नव्हता. सवयीने, अगदी हळू, तो म्हणाला, “मागे?”

इंजिनं घुमत राहिली.

मग मागच्या टोकाला, पेटीशेजारी, जावयाच्या नेहमीच्या जागेवर पट्टा बांधून बसलेल्या बाईंनी हेडफोनचा माइक तोंडापुढे ओढला.

“आहे,” त्या म्हणाल्या.

“माल पक्का,” जावई म्हणाला.